चंद्राचा पहिला फोटो: मुंबईच्या गच्चीवर स्मार्ट टेलिस्कोप लावताना

स्मार्ट टेलिस्कोप चंद्र स्वतः शोधतो, फोकस स्वतः करतो आणि चंद्र सरकला की स्वतःही सरकतो. तरी पहिल्या रात्रीचा फोटो बहुतेकांचा सारखाच येतो: काळ्या पाटावर ठेवलेला पिठाचा पांढरा गोळा. रात्र निवडणं, जागा निवडणं आणि उजेडाला लगाम घालणं ही तीन कामं यंत्र करत नाही, ती आपल्याकडेच राहतात. या लेखात भर त्यांच्यावरच आहे. बटणं कुठे आहेत ते अ‍ॅप सांगतंच.

आकडे द्यायला एक मॉडेल धरावं लागतं, म्हणून इथे सीस्टार एस५० धरला आहे. त्याची भिंग ५० मिलिमीटरची, फोकल लेंग्थ २५० मिलिमीटर आणि सेन्सर १९२० बाय १०८० पिक्सेलचा. एस३०, ड्वार्फ किंवा दुसरं काही असेल तर चंद्र फ्रेममध्ये लहान-मोठा दिसेल, बाकी पद्धत तीच.

आधी एक गैरसमज दूर करू. मुंबईच्या आकाशात दिव्यांचा इतका उजेड असतो की इथून काही होणार नाही, असं लोक म्हणतात. तेजोमेघ आणि दीर्घिकांच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. चंद्राला मात्र त्याचा काही फरक पडत नाही. उन्हात पडलेल्या दगडाचा फोटो काढतो आहोत असं समजा, कारण चंद्र म्हणजे अक्षरशः तेच. दादरच्या गच्चीवरून आणि शहराबाहेर, वांगणीच्या माळावरून चंद्र सारखाच उजळ येतो. मुंबईतला खरा त्रास म्हणजे तापलेलं काँक्रीट, दमट हवा, हिवाळ्यातलं धुरकं आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतचे ढग. भाद्रपदातल्या चतुर्थीला चंद्र पाहू नये म्हणतात; इथे ती काळजी पाऊसच घेतो.

तिथी आधी, दुर्बीण नंतर

नवशिक्यांना वाटतं, पौर्णिमेला चंद्र सगळ्यात मोठा आणि उजळ, म्हणजे फोटो सगळ्यात चांगला. नेमकं उलटं होतं. पौर्णिमेला सूर्याचा प्रकाश चंद्रावर आपल्या पाठीमागून, समोरासमोर पडतो. सावल्या नाहीत, म्हणून डोंगर आणि विवरं सपाट दिसतात. उजेड आणि अंधाराच्या सीमारेषेवर, म्हणजे टर्मिनेटरवर, सूर्य नुकताच उगवत असतो आणि तिथे लहान टेकडीचीही लांब सावली पडते. फोटोतला जिवंतपणा त्या पट्ट्यात असतो.

तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर बघा. पहिल्या प्रयत्नाला शुक्ल सप्तमी ते दशमी सगळ्यात सोयीची. संध्याकाळी सात-आठला चंद्र वर असतो, जेवून निवांत गच्चीवर जाता येतं आणि मध्यरात्रीच्या आधी काम उरकतं. एवढं लक्षात ठेवा की कॅलेंडरमध्ये मोठ्या अक्षरात छापलेली तिथी सूर्योदयाची असते. संध्याकाळपर्यंत ती बदललेली असू शकते, म्हणून तिथी संपण्याची वेळही पाहा.

कोणत्या तिथीला सीमारेषेवर काय असतं, ते ढोबळमानाने असं:

- तृतीया: मारे क्रिसियम, उजव्या कडेजवळचा लंबगोल काळा डाग. चंद्र पश्चिमेला खाली असतो, घाई करावी लागते.
- पंचमी-षष्ठी: थिऑफिलस, सुमारे १०० किलोमीटरचं विवर, मध्ये डोंगर. याच सुमारास दक्षिण टोकाजवळ चंद्रयान-३ जिथे २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलं त्या भागात ऊन पोहोचतं. यान दिसणं शक्य नाही. जवळचं मॅन्झिनस विवर कडेला चपटं दिसतं, तेवढ्यावरून जागा ओळखता येते.
- अष्टमी: अपेनाइन पर्वतरांग. सुरुवातीला हिच्यासारखं दुसरं काही नाही.
- नवमी: प्लेटो (काळ्या तळाचं), टायको आणि क्लेव्हियस ही विवरं. क्लेव्हियस सव्वादोनशे किलोमीटरचं आहे, त्यामुळे त्याच्या आतली लहान विवरंही पकडता येतात.
- दशमी: कोपर्निकस. पायऱ्या-पायऱ्यांच्या भिंती असलेलं विवर.
- द्वादशी: अ‍ॅरिस्टार्कस, चंद्रावरच्या सगळ्यात चकचकीत जागांपैकी एक. उजेड जास्त झाला की आधी हेच जळतं, म्हणजे फोटोत नुसतं पांढरंफटक होतं.

चंद्र थोडासा डुलत असतो, त्यामुळे यात अर्ध्या-पाऊण तिथीचा फरक पडतो.

कोजागिरीला सगळी सोसायटी दूध घेऊन वर येते आणि दुर्बीण बाहेर काढायचा आग्रह होतो. काढा. सावल्या मिळणार नाहीत, पण टायकोपासून निघालेले पांढरे किरण त्या रात्री सर्वांत ठळक असतात. फोटो तोच घ्या, विवरांच्या मागे लागू नका. संकष्टीलाही गंमत आहे: कॅलेंडरात मुंबईची चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, आणि सावली दुसऱ्या बाजूने येऊन मारे क्रिसियम ओलांडत असते. फक्त उगवल्यावर तीनेक तास थांबावं लागतं. नैवेद्य, जेवण आवरून जा.

उंची: कमीही नको, फार जास्तही नको

चंद्र क्षितिजापासून ३० अंशांवर असेल तर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या मानाने दुप्पट हवेतून येतो. १० अंशांवर साडेपाच पट. मुंबईत त्या हवेत धूळ, धूर आणि समुद्राचा दमटपणा. म्हणून मरीन ड्राइव्हवर पाण्याला टेकलेली तांबूस कोर डोळ्यांना कितीही सुंदर दिसली तरी दुर्बिणीत ती उकळत्या पाण्याच्या तळाला ठेवल्यासारखी हलते. किमान ४० अंश उंची धरा. हात लांब करून मूठ धरली तर एक मूठ साधारण १० अंश. चार मुठी मोजा.

दुसरी बाजू मुंबईच्या अक्षांशामुळे येते, आणि ती परदेशी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही. आपण १९ अंश उत्तरेला आहोत. फाल्गुन-चैत्रातल्या शुक्ल अष्टमीचा चंद्र इथे जवळजवळ डोक्यावरून जातो. या दुर्बिणी आडव्या-उभ्या अशा दोन दिशांत फिरतात. विषय अगदी माथ्यावर आला की आडव्या दिशेला त्यांना एकदम गरकन फिरावं लागतं आणि पाठलाग सुटतो. चंद्र ८० अंशांच्या वर असेल तर पाऊण-एक तास थांबा, तो खाली येतो. आश्विन-कार्तिकात उलट: अष्टमीचा चंद्र दक्षिणेकडे, जास्तीत जास्त ४५ अंशांच्या आसपास. तेव्हा सूर्य मावळल्या मावळल्या तयारीत असायला हवं.

जागा

खिडकीतून करू नका. काचेमुळे दोन चंद्र दिसतात, ग्रील मध्ये येते, आणि आतली गार हवा बाहेरच्या गरम हवेत मिसळताना प्रतिमा थरथरते. बाल्कनी चालते, पण ग्रील नसेल आणि खालच्या मजल्याचं एसीचं बाहेरचं युनिट नेमकं खाली गरम हवा फेकत नसेल तरच.

गच्ची सगळ्यात बरी. सेक्रेटरींना आधी सांगून ठेवा. रात्री साडेआठला किल्लीसाठी वॉचमनशी हुज्जत घालण्यात चंद्र जातो. गच्चीवर जागा निवडताना या गोष्टी बघा:

लिफ्टची मशीन रूम आणि पाण्याचा पंप यांच्यापासून लांब उभे राहा. लिफ्ट सुरू झाली की स्लॅब किंचित थरथरतो. पायाला कळत नाही, पण फ्रेममध्ये चंद्र उडी मारतो. शिवाय मशीन रूमचं लोखंडी दार, टाकीचे पाइप, डिश अँटेनाचे खांब यांच्याजवळ दुर्बिणीचं होकायंत्र फसतं. तीन-चार मीटर अंतर ठेवा.

कठडा हा सोबती आणि अडचण दोन्ही. वारा अडवतो, पण दुर्बिणीसोबत येणारा ट्रायपॉड बुटका असतो आणि भिंग जमिनीपासून जेमतेम अर्ध्या मीटरवर येते. कठडा १.१ मीटरचा असेल आणि तुम्ही त्याच्यापासून एक मीटरवर असाल, तर ३० अंशांखालचं काहीच दिसणार नाही. दोन मीटर मागे गेलात तर ही मर्यादा १७ अंशांवर येते. उंच ट्रायपॉड लावण्याचा मोह मुंबईत आवरा. समुद्राकडच्या इमारतींवर संध्याकाळी पश्चिमेचा वारा जोरात असतो, उंच पाय हलतात. बुटका ट्रायपॉड आणि टाकीचा आडोसा हीच जोडी चांगली.

दिवसभर तापलेला स्लॅब सूर्यास्तानंतर दोन-तीन तास उष्णता सोडत राहतो. चंद्राची उंची परवानगी देत असेल तर नऊनंतरच सुरू करा. चायना मोझॅकच्या पांढऱ्या फरशीचा स्लॅब काळ्या डांबरी वॉटरप्रूफिंगपेक्षा कमी तापतो. निवड असेल तर पांढरा कोपरा घ्या.

संध्याकाळ व्हायच्या आधी

अ‍ॅप घालणं, दुर्बीण सुरू करून नोंदवणं, फर्मवेअर अपडेट करणं, हे घरात, वाय-फायवर, आदल्या दिवशी. गच्चीवर फोन दुर्बिणीच्या वाय-फायला जोडला की इंटरनेट बऱ्याचदा जातं, आणि तेव्हा अपडेट मागितलं तर सगळं अडतं. फोनची लोकेशन परवानगी द्या. ती नाकारली तर दुर्बिणीला आपण कुठे आहोत हेच कळत नाही. बॅटरी भरा, दुर्बिणीच्या मेमरीत जागा मोकळी करा, पॉवर बँक सोबत घ्या.

आणि मुंबईतली सगळ्यात जास्त घडणारी चूक: दुर्बीण एसीच्या खोलीतून थेट गच्चीवर नेणं. गार भिंगेवर दमट हवा लागली की बर्फाच्या ग्लासावर येतं तसं पाणी येतं. चंद्र धुक्यातल्या दिव्यासारखा दिसायला लागतो, आणि माणसं फोकसला दोष देत बसतात. दुर्बीण तिच्या खोक्यातच, बंद, बिनएसीच्या खोलीत अर्धा तास ठेवा. त्यानंतर गच्चीवर उघडून आणखी १५-२० मिनिटं हवेशी जुळू द्या. तरीही वाफ धरली तर पुसू नका. दव घालवणारा हीटर असेल तर सुरू करा आणि थांबा. समुद्राजवळच्या हवेत मीठ असतं, ओल्या भिंगेवर रुमाल फिरवला तर ते कणच ओरखडे काढतात.

लावणं आणि चंद्र पकडणं

१. ट्रायपॉड पक्का ठेवा, बुडबुडा मध्यावर आणा, मग अ‍ॅपमधल्या पातळीच्या सूचनेप्रमाणे बारीक दुरुस्ती करा. गच्चीला पावसाच्या पाण्यासाठी उतार दिलेला असतो, त्यामुळे डोळ्यांना सपाट वाटलं तरी सपाट नसतं.

२. होकायंत्र जुळवा. घड्याळ, किल्ल्या, चुंबकाचं फोन कव्हर लांब.

३. सौर फिल्टर बसवलेला नाही ना, ते हाताने तपासा. दिवसा सूर्य पाहिला असेल तर तो राहून जातो, आणि पडदा काळाच्या काळा. चंद्राला फिल्टर लागत नाही. मात्र दिवसाउजेडी चंद्र शोधायला दुर्बीण फिरवत असाल तर उलटा धोका आहे: फिल्टरशिवाय ती सूर्यावरून गेली तर सेन्सर जाऊ शकतो. पहिला प्रयत्न सूर्य मावळल्यावरच करा.

४. चंद्राचा मोड निवडा. ताऱ्यांचा मोड नको. ताऱ्यांच्या मोडमध्ये दहा-दहा सेकंदांची एक्सपोजर (सेन्सरवर प्रकाश घेण्याची वेळ) असतात, चंद्र पूर्ण जळतो. शिवाय चंद्र ताऱ्यांमधून तासाला साधारण स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्या गतीचा हिशेब चंद्राच्या मोडमध्येच असतो.

५. दुर्बीण फिरते, थांबते, आणि पडद्यावर काहीच नाही. घाबरू नका, बहुतेक वेळा चंद्र बाजूलाच असतो. पडद्याची एक कड उजळ दिसते का बघा आणि त्या दिशेला अ‍ॅपमधल्या बाणांनी हळूहळू न्या. तेही जमत नसेल तर ताऱ्यांच्या मोडमध्ये जाऊन, चंद्रापासून दूरच्या एखाद्या ठळक ताऱ्याकडे पाठवा. तिथे दुर्बीण आजूबाजूचे तारे ओळखून आपली दिशा दुरुस्त करते. मग परत चंद्रावर आणा.

६. ऑटोफोकस चालवा. नंतर सीमारेषेवर झूम करून विवराची कड पाहा. अर्ध्या तासाने पुन्हा चालवा, कारण हवा गार होते तसा फोकस सरकतो.

उजेड: इथेच फोटो बनतो किंवा बिघडतो

एस५० मध्ये चंद्र साधारण ७८० पिक्सेल रुंद येतो. फ्रेमच्या क्षेत्रफळात पूर्ण चंद्रही पावभागाहून कमी, अष्टमीचा तर सुमारे बारा टक्के. उरलेलं सगळं काळं आकाश. आपोआप एक्सपोजर ठरवणारं यंत्र हा अंधार बघून समजतं की दृश्य काळोखं आहे, आणि उजेड वाढवतं. पिठाचा गोळा असा तयार होतो.

म्हणून ऑटो बंद करा. गेन (सेन्सर उजेड किती वाढवून दाखवतो ते) सगळ्यात कमी किंवा त्याच्या जवळ ठेवा, आणि एक्सपोजर खाली आणत जा. ते मिलीसेकंदांत येईल, बिचकू नका. नजर सीमारेषेवर नको, चंद्राच्या भरलेल्या बाजूच्या कडेवर ठेवा. तिथे पांढऱ्या भागातला बारीक फरक दिसू लागला की आणखी एक पायरी खाली या आणि थांबा. पडद्यावर चंद्र जरा मळकट, करडा वाटेल. तसाच हवा. मळकट फोटो नंतर उजळता येतो. जळालेल्या भागात माहितीच नसते, तिथून काही परत येत नाही. गच्चीच्या अंधारात फोनचा पडदा डोळ्यांना जास्त उजळ भासतो, त्यामुळे अंदाज चुकतो. पडद्याचा ब्राइटनेस मध्यावर ठेवून ठरवा.

अष्टमीला जमलेला आकडा पौर्णिमेला वापरू नका. पूर्ण चंद्राचा एकूण प्रकाश अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नसतो, दहापटीहून जास्त असतो. सावल्या नाहीशा होतात, त्याचा हा परिणाम.

एक फोटो की व्हिडिओ

आधी दहा-बारा साधे फोटो काढा, त्यातला एखादा चांगला निघतोच. घरी दाखवायला तेवढा पुरे. पण बारकावे हवे असतील तर व्हिडिओ. हवा सारखी हलत असते. शेकडो फ्रेमपैकी काही क्षणभर शांत हवेत सापडलेल्या असतात. त्या निवडून एकावर एक रचायच्या, याला स्टॅकिंग म्हणतात.

कच्च्या, म्हणजे रॉ स्वरूपात व्हिडिओ घ्या. एक फ्रेम साधारण २ एमबी, म्हणजे हजार फ्रेमना २ जीबी. सलग पाच मिनिटं घेण्यापेक्षा ३०-४० सेकंदांचे तीन-चार तुकडे घ्या: एखाद्यात लिफ्ट हलली, एखाद्यात वारा आला, तरी बाकीचे उरतात. चालू असताना दुर्बिणीला हात लावू नका, आजूबाजूला फिरू नका. मुलं गच्चीवर असतील तर त्यांना तेवढी चाळीस सेकंद मोजायला लावा. फाइल वाय-फायवरून ओढत बसू नका, दुसऱ्या दिवशी केबलने लॅपटॉपवर घ्या.

लॅपटॉपवर

विंडोजवर ऑटोस्टॅकर्ट हे स्टॅकिंगचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. व्हिडिओ उघडा, पृष्ठभागाचा मोड निवडा, जुळवणीची खूण सीमारेषेवरच्या ठळक विवराशी ठेवा, आणि विश्लेषण करा. ते फ्रेमना चांगल्या ते वाईट असं लावून देतं. वरच्या १० ते २० टक्के घ्या. मुंबईच्या हवेत ५० टक्के घेतल्या तर खराब फ्रेम चांगल्यांना पुसट करतात. फक्त दोन टक्के घेतल्या तर दाणे उरतात. चित्रावर बुद्धिबळाच्या पटासारखी जाळी किंवा हिरवट-जांभळा रंग आला, तर रंगाची मांडणी चुकीची ओळखली गेली आहे. चार पर्याय असतात, ज्यात चंद्र करडा दिसतो तो बरोबर.

स्टॅक झालेलं चित्र आधीपेक्षा मऊ दिसतं. निराश होऊ नका, धार पुढच्या पायरीत येते. रेजिस्टॅक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधल्या वेव्हलेटच्या, म्हणजे बारकाव्यांना धार आणणाऱ्या, पट्ट्या थोड्या थोड्या सरकवा. चंद्राच्या कडेला पांढरी किनार उमटली किंवा विवरांभोवती कांद्याच्या पाकळ्यांसारखी वलयं आली की हद्द ओलांडली, मागे या. फोनवरच करायचं असेल तर साध्या एडिटरमध्ये हायलाइट्स खाली, काँट्रास्ट किंचित वर आणि शार्पनिंग अगदी थोडं. धुरक्यामुळे पिवळट छटा असेल तर रंगाची तीव्रता उतरवा.

चित्र तिरकं वाटलं तर दुर्बीण बिघडलेली नाही. मुंबईतून संध्याकाळची कोर होडीसारखी आडवी दिसते, म्हणून पाश्चात्त्य नकाशांशी ती जुळत नाही. उत्तर वर येईल असं फिरवा, मग नकाशातली नावं सापडतात.

किती दिसायला हवं

एस५० मध्ये एक पिक्सेल म्हणजे चंद्रावरचे सुमारे साडेचार किलोमीटर. कोपर्निकस जेमतेम वीस पिक्सेल भरतं. दहा किलोमीटरच्या आतलं विवर दिसलं नाही तर तो तुमचा दोष नाही, पन्नास मिलिमीटरच्या भिंगेची ती मर्यादा आहे. डिजिटल झूमने पिक्सेल मोठे होतात, माहिती वाढत नाही. मोठा चंद्र हवा असेल तर पूर्ण चित्र घेऊन नंतर कापा.

एस५० वरच्या पहिल्या रात्रीची कसोटी, नवमी-दशमी असेल तर, अशी लावा: अपेनाइनच्या रांगेची सावली वेगळी दिसते का, प्लेटोचा काळा तळ त्याच्या कडेपासून सुटा आहे का, आणि भरलेल्या बाजूची कड पांढरीफटक न होता करडी राहिली आहे का. तिसरं चुकलं असेल तर एक्सपोजर आणखी खाली. पहिली दोन चुकली आणि फोकस बरोबर असेल, तर हवाच वाईट होती. दुसऱ्या दिवशी, पुढच्या तिथीला, तासभर उशिरा पुन्हा लावा.